ओवीतले उपासनावर्ष

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकीच्या शिवारात कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा आगमनकाळ येतो. उन्हाची चाहूल लागते, तेव्हा उपवासकाळ. हे सारे काळ आपण मराठीत प्रार्थून पाळतो. हे भाग्य मात्र सहज लाभलेले नाही.

१५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे नवख्रिस्ती भाविकांनी जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास काही मागितले. त्यातून १६१६ मध्ये मराठी 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचे रविवारी व सणावारी चर्चमध्ये वाचन होई. प्रभूचा जन्म, दुःखसहन व पुनरुत्थान भाविकांच्या कानी ओवीच्या लयीत पडे. पुढे १६८४ च्या फर्मानाने गोव्यातील लोकांना आपली भाषा तीन वर्षांत सोडण्याची आज्ञा झाली. तरीही हे पुराण लोपले नाही; १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली.

आज आपल्याला कोणी अडवीत नाही. म्हणूनच आपण स्वतःला विचारावे : आपल्या घरची सांजप्रार्थना मुलांच्या ओठी मराठीत रुळली आहे ना? फर्मानाने जे साधले नाही, ते आपल्या आळसाने साधू नये.