साखर न घालता मसाला काजू-बदाम घरी कसे बनवायचे? आणि 'शुगर-फ्री' म्हणजे नेमकं काय?

मधल्या वेळी भूक लागली की बिस्किटं आणि फरसाणाऐवजी मूठभर काजू-बदाम खा, हा सल्ला आता घरोघरी दिला जातो. त्यामुळेच पेरी-पेरी काजू, चिली-गार्लिक बदाम, हनी रोस्टेड मिक्स अशी पॅकेटं किराणा दुकानापासून ॲपपर्यंत सगळीकडे दिसू लागली आहेत. पण पॅकेट उलटं करून घटकांची यादी वाचली, तर तिखट चवीच्या प्रकारातही बऱ्याचदा साखर, ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन सापडतं.

हा प्रश्न फक्त डाएट करणाऱ्यांचा नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे 'शुगर-फ्री' हा शब्द वाचून पॅकेट उचलणारं कुणी ना कुणी जवळपास प्रत्येक कुटुंबात असतं.

मसाला काजू-बदाम घरी बनवणं अवघड नाही. फक्त साखर काढली की तिची जागा कशाने भरायची, हे समजून घ्यावं लागतं.

'शुगर-फ्री' आणि 'नो ॲडेड शुगर' यात फरक काय?

एफएसएसएआय म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार, १०० ग्रॅम पदार्थात साखरेचं प्रमाण ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तरच त्याला 'शुगर-फ्री' म्हणता येतं.

गंमत म्हणजे या मोजपट्टीवर साधे कच्चे बदामही बसत नाहीत. १०० ग्रॅम बदामात निसर्गतः सुमारे ४ ग्रॅम, शेंगदाण्यात ४ ते ५ ग्रॅम, तर काजूत सुमारे ६ ग्रॅम साखर असते. ही साखर फायबर, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांसोबत पोटात जाते. त्यामुळे रक्तातली साखर एकदम उसळी मारत नाही.

म्हणून घरी आपण जे बनवतो, त्याला खरं तर 'नो ॲडेड शुगर', म्हणजे वरून साखर न घातलेलं, असं म्हणायला हवं. पॅकेट घेताना पोषणमूल्यांच्या तक्त्यात एकूण साखर आणि 'ॲडेड शुगर' हे दोन्ही आकडे पाहावेत. माल्टोडेक्स्ट्रिन आणि कॉर्नफ्लोअर हे तक्त्यात साखर म्हणून मोजले जातीलच असं नाही, पण रक्तातली साखर तेही वाढवतात. त्यामुळे घटकांची यादीही वाचायला हवी.

साखर घालतात कशाला?

फक्त गोडीसाठी नाही. काजू-बदामाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोरडा असतो. त्यावर तिखट-मीठ नुसतं टाकलं तर ते तळाशी जमा होतं. साखरेचा पाक डिंकासारखा काम करतो. तो मसाला धरून ठेवतो आणि थंड झाल्यावर कडक होऊन कुरकुरीतपणा देतो.

साखरेशिवाय ही दोन कामं तीन प्रकारे होऊ शकतात: मिठाचं पाणी आणि थोडं तेल, बेसनाचं आवरण किंवा अंड्याचा पांढरा भाग.

कढईतली सोपी पद्धत

खारे शेंगदाणे करताना जी युक्ती वापरतात, तीच इथे चालते.

साहित्य: १०० ग्रॅम बदाम, १०० ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम काजू, अर्धा छोटा चमचा मीठ, २ मोठे चमचे पाणी, १ छोटा चमचा तेल, १ छोटा चमचा लाल तिखट, अर्धा छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा छोटा चमचा आमचूर, पाव छोटा चमचा मिरपूड आणि चिमूटभर हिंग.

१. जाड बुडाच्या कढईत शेंगदाणे आणि बदाम मंद आचेवर ७-८ मिनिटं कोरडे भाजा. काजू लवकर करपतात, म्हणून ते नंतर घालून आणखी ४-५ मिनिटं परता.

२. मीठ पाण्यात विरघळवून ते गरम दाण्यांवर शिंपडा आणि सतत हलवत राहा. पाणी २-३ मिनिटांत उडून जातं आणि मिठाचा पातळ थर दाण्यांवर राहतो.

३. एक बदाम तोडून पाहा. आतून फिकट बदामी रंग दिसला की गॅस बंद करा.

४. आता तेल घालून हलवा आणि मगच मसाले टाका. गॅस चालू असताना तिखट घातलं तर ते जळून कडवट होतं.

५. ताटात पसरून पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना दाणे मऊ लागतात, म्हणून ते आणखी भाजायचा मोह टाळा. कुरकुरीतपणा थंड झाल्यावरच येतो.

जास्त कुरकुरीत हवे असतील तर?

याच प्रमाणातल्या कच्च्या दाण्यांना मीठ, मसाले, ३ मोठे चमचे बेसन, १ मोठा चमचा तांदळाचं पीठ आणि १ मोठा चमचा तेल लावा. पाण्याचा हबका मारत पीठ दाण्यांना चिकटू द्या. ट्रेमध्ये सुटे पसरून ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर २०-२५ मिनिटं भाजा आणि मध्ये एकदा हलवा. एअर फ्रायरमध्ये १२-१५ मिनिटं पुरतात. बेसनामुळे कर्बोदकं थोडी वाढतात, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावं.

अंडं खाणाऱ्यांसाठी तिसरा मार्ग आहे. एका अंड्याचा पांढरा भाग फेस येईपर्यंत फेटून त्यात दाणे आणि मसाले घोळवा आणि १५० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजा. आवरण पातळ आणि खुसखुशीत होतं.

साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल का?

'साखर नको' हा हेतू असेल तर नाही. गुळाचा मोठा भाग सुक्रोज म्हणजे साखरच असते आणि मधात सुमारे ८० टक्के साखर असते. चिक्की गुळाची असली तरी ती शुगर-फ्री होत नाही, ती याच कारणामुळे. मिश्रणात बेदाणे किंवा खजूर घातले, तरी साखर मागच्या दाराने परत येते.

गोडसर चव हवीच असेल तर तिखट आणि आमचूर वगळून दालचिनी, वेलची आणि किंचित जायफळ वापरा. या मसाल्यांच्या वासाने साखर न घालताही गोडाचा भास होतो.

कृत्रिम स्वीटनरबाबत, वजन नियंत्रणासाठी त्यांचा वापर करू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. शिवाय ॲस्पार्टेमची गोडी जास्त उष्णतेत कमी होते, म्हणून ते भाजण्याच्या पदार्थात उपयोगी नाही.

किती खायचे?

साखर नाही म्हणजे कॅलरी नाहीत, असं नाही. १०० ग्रॅम बदामात सुमारे ५८० कॅलरी असतात. ३० ग्रॅम म्हणजे साधारण एक मूठ, आणि त्यातूनच सुमारे १७० कॅलरी मिळतात. बरणी समोर ठेवून खाल्ल्यास दोन-तीन मुठी कधी संपतात कळत नाही. त्यापेक्षा छोट्या वाटीत काढून घ्यावेत.

मिठाचंही तेच. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरच्या प्रमाणात मुठीमागे साधारण ०.३ ग्रॅम मीठ पडतं. रक्तदाब असेल तर मीठ आणखी कमी करून आमचूर वाढवता येईल.

टिकवायचे कसे आणि जपायचं कुणी?

पूर्ण थंड झाल्यावरच कोरड्या, हवाबंद काचेच्या बरणीत भरा. वाफ आत राहिली तर दाणे सादळतात. उजेड आणि उष्णतेने त्यातलं तेल खवट होतं, म्हणून थोडेच बनवून दोन आठवड्यांत संपवणं उत्तम. बुरशी दिसणारे किंवा कडवट लागणारे शेंगदाणे टाकून द्या. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विषारी द्रव्य भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही.

लहान मुलांच्या घशात अख्खे दाणे अडकू शकतात, त्यांना कूट करूनच द्यावेत. शेंगदाणे, काजू-बदाम किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी हे टाळावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम आणि फॉस्फरसचं पथ्य असू शकतं, त्यामुळे त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि मधुमेहींसाठी हा बिस्किटांना चांगला पर्याय असला, तरी तो औषधांना पर्याय नाही.