वावर आणि रकाना

बुलढाणा जिल्ह्यात शेताला वावर म्हणतात. वावराला नाव असते: आंब्याचे वावर, नाल्याकाठचे वावर, आजीच्या माहेराकडून आलेले वावर. त्याला बांध असतो, विहीर असते, त्या विहिरीवरून झालेले भाऊबंदकीचे तंटे असतात. हेच वावर दप्तरात गेले की त्याचा सातबारा होतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की तो मुळात कोणत्याही वस्तूचे नाव नसून दोन क्रमांकांची जोड आहे हे आपण विसरतो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. जमीन कोणाची हे सांगणारा एक तक्ता आणि तीत काय पेरले हे सांगणारा दुसरा, असे दोन्ही भूमापन क्रमांकाच्या आधाराने एका कागदावर आणले म्हणजे सातबारा. डेटाबेसच्या परिभाषेत या क्रियेला ‘जॉईन’ म्हणतात. आपल्या गावकामगारांना ती संगणकाच्या कितीतरी आधीपासून येत होती.

आज्ञावली आणि डेटाबेस यांच्या जोडणीचा इतिहास साहित्याच्या वाचकांपुढे मांडताना संकोच वाटावा, अशी रीत आहे. मला तो वाटत नाही, कारण हा प्रश्न अखेर भाषांतराचा आहे.

या जोडणीच्या दोन टोकांची कुळेच निराळी. १९६० च्या दशकात ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगोर यांनी सिम्युला ही भाषा घडवली. तिचा हेतू जगातील व्यवहारांची नक्कल करणे हा होता. म्हणून तिच्यात प्रत्येक वस्तू स्वतःची माहिती आणि स्वतःची वागणूक एकत्र बाळगून असते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचा उगम तो हा. (तिला मराठीत ‘वस्तुनिष्ठ’ म्हणावे, तर तो शब्द समीक्षकांनी आधीच अडवून ठेवला आहे.) दुसरे कुळ एडगर कॉड यांचे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या या गणितज्ञाने १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती आत कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्याला पडू नये, ती केवळ तक्त्यांच्या रूपात त्याच्यासमोर यावी, असा त्याचा आग्रह होता. तक्त्यात ओळी असतात आणि रकाने असतात. वागणूक नसते.

पुढे दोन्ही पद्धती रूढ झाल्या आणि एकाच कचेरीत नांदू लागल्या. त्यांना जोडणारी तार टाकणे फारसे अवघड नव्हते. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणले, १९९७ मध्ये जावा भाषेबरोबर जेडीबीसी आले. या व्यवस्थेत ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो. आज्ञावली त्याच्यामार्फत डेटाबेसचे दार उघडते, एसक्यूएलमध्ये प्रश्न पाठवते, उत्तरादाखल ओळी मिळतात आणि दार लावून घेतले जाते. अडचण त्यानंतरची. आज्ञावलीत ‘वावर’ ही वस्तू असेल, तर तिच्या पोटातच तिचे खातेदार असतात. वावराला विचारावे आणि त्याने आपली माणसे दाखवावीत. तक्त्यातल्या ओळीत मात्र फक्त खाते क्रमांक असतो, माणूस दुसऱ्या तक्त्यात राहतो. आलेल्या ओळींतून वस्तू पुन्हा उभी करायची, तिच्यात बदल झाला की तिला मोडून पुन्हा ओळींत बसवायचे, हे काम दर वेळी करावे लागते. विद्युत अभियांत्रिकीतून उसना घेतलेला ‘इम्पीडन्स मिसमॅच’ हा शब्द या विजोडपणाला चिकटला. २००१ मध्ये गेव्हिन किंग यांनी सुरू केलेल्या हायबरनेटसारख्या साधनांनी हे भाषांतर आपोआप होऊ लागले, पण होऊ लागले म्हणजे संपले नव्हे.

वऱ्हाडातल्या वावराने अशी भाषांतरे अनेकदा सोसली आहेत. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन वावराला सर्व्हे नंबर मिळाला. स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५४ ची जमीन महसूल संहिता लागली. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६७ च्या १५ ऑगस्टपासून अमलात आली. दर वेळी रकाने बदलले. वावर तेच राहिले. पोटहिस्से पडले की एकाच क्रमांकाचे दोन होतात. शेतकऱ्याच्या लेखी मात्र दोन्ही तुकडे आंब्याच्याच वावराचे असतात. ओळख कशात असते, वस्तूत की क्रमांकात, हा आज्ञावलीकारांचा जुना वाद येथे बांधावर उभा आहे.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातला जिल्हा होता विदर्भातलाच, वर्धा. पुढे ई-फेरफार आले आणि त्याची सांगड नोंदणी विभागाच्या आय-सरिता प्रणालीशी घातली गेली. खरेदीखत नोंदले की त्याची माहिती फेरफाराकडे जाते. फेरफाराची रीत मला नेहमीच डेटाबेसच्या ‘ट्रॅन्झॅक्शन’पेक्षा समंजस वाटली आहे. नोंद आधी कच्ची असते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि तेव्हाच सातबारा बदलतो. संगणकही बदल पुरता होईतो त्याला कच्चाच धरतो, पण शेजाऱ्याला विचारत नाही.

नमुना सातवरचा सर्वांत वाचनीय भाग ‘इतर हक्क’ हा. ज्या गोष्टींची रकाने पाडणाऱ्याला कल्पना करता आली नाही, त्या सगळ्या येथे येऊन राहिल्या: कुळाचे नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता. आणि बायका. बाप गेला की मुलगे कब्जेदार आणि विधवा व मुली इतर हक्कांत, अशा नोंदी जुन्या सातबाऱ्यांवर पुष्कळ दिसतात. पत्नीचे नाव जमिनीला लागावे म्हणून शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली आणि १९९२ मध्ये शासनाने त्या नावाची योजना काढली, तरी हा रकाना आटला नाही. या बायकांना तक्त्यात जागा आहे, पण वस्तू म्हणून त्या उभ्या राहत नाहीत. त्या दुसऱ्याच्या वावराला लावलेली टीप असतात.

ही केवळ मांडणीतली उणीव नव्हे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला तेव्हा मिळणारी १ लाख रुपयांची मदत कुटुंबाच्या नावे जमीन असणे आणि बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज असणे यांवर ठरत होती. माणूस खरा होता, मरणही खरे होते. पात्रता रकान्यांतून जुळवायची होती. ठोक्याने केलेल्या वावराला आणि सोयऱ्याकडून घेतलेल्या उसनवारीला रकाना नव्हता.

साधे नावही तक्त्यात सुखाने बसत नाही. जिल्ह्याचे नाव कोणी बुलढाणा लिहितो, कोणी बुलडाणा. वाचणाऱ्याला दोन्ही एकच; डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी गावे. खातेदारांच्या नावांतले ऱ्हस्वदीर्घ, मधला बिंदू, आडनावातला एखादा ‘ण’ यांनीही हेच होते. शुद्धलेखनावर आपण साहित्यिक मंडळी इतके भांडलो, पण त्यापायी कोणाचा पीकविमा अडला नव्हता.

२०१७ मध्ये राज्यात संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले. गावकऱ्यांना जमवून नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि चुका असतील तर त्या तेथेच सांगायच्या. जोडणी तपासण्याची ही पद्धत कोणत्याही संगणकाच्या पाठ्यपुस्तकात मी वाचलेली नाही. ऐकणाऱ्याला आपले वावर क्रमांकावरून नव्हे, तर शेजाऱ्यांच्या नावांवरून ओळखू येते. हस्तलिखिताशी न जुळणाऱ्या नोंदी पुढे संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त झाल्या, आणि २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. मात्र ही दुरुस्ती हस्तलिखिताशी जुळवण्यापुरती होती. हस्तलिखितातच जिचे नाव नाही, तिच्यासाठी नवा फेरफार लागतो, आणि त्याची वर्दी तिलाच द्यावी लागते.