शीळफाट्याला पहिलं घर घेताय? बयाणा देण्याआधी हे कागद बघा

शीळफाटा : जमिनीचा मोबदला आला, फंडाचे पैसे मिळाले की जिल्ह्यातल्या अनेक घरांत एकच विषय निघतो, कल्याण-शीळ रोडला एखादा फ्लॅट घेऊन टाकू. दलालही मेट्रो 12, ऐरोली-काटई रस्ता आणि बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलातून शीळफाट्यापर्यंतचा 21 किलोमीटरचा बोगदा दाखवून भाव वाढणार असं सांगतो. भाव वाढेल की नाही, ते नंतर. आधी इमारत अधिकृत आहे का, ते बघा.

याच भागातले दोन धडे

4 एप्रिल 2013 रोजी शीळ-डायघरच्या लकी कंपाऊंडमध्ये बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळली. 74 जणांचा जीव गेला.

दुसरं प्रकरण कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचा नंबर मिळवला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. घर विकत घेतलेली कुटुंबं अडचणीत आली.

म्हणजे नुसता रेरा नंबर, रजिस्ट्रेशन, घरपट्टी किंवा लाइट बिल यावरून इमारत अधिकृत ठरत नाही. बँकेचं कर्ज मिळतंय म्हणूनही निर्धास्त राहू नका.

कोणते कागद, कुठे बघायचे?

1. सातबारा : महाभूमी पोर्टलवर डिजिटल सहीचा मिळतो. मालकाचं नाव, भोगवटादार वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. तिथे कूळ, बोजा किंवा वन अशी नोंद असेल तर थांबा. वर्ग 2 च्या जमिनीला सरकारी परवानगी लागते.

2. बांधकाम परवानगी : शीळ, डायघर ठाणे महापालिकेत येतात, काटई कल्याण-डोंबिवलीत. बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. परवानगीचा क्रमांक घेऊन त्या महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः खात्री करा, गरज पडल्यास माहिती अधिकारात अर्ज द्या.

3. महारेरा : वेबसाइटवर प्रकल्पाचं नाव टाकून मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि कोर्टकज्जे बघा. आपला मजला मंजूर नकाशात आहे ना, ते तपासा.

4. वापर परवाना, म्हणजे ओसी : तयार इमारतीत घर घेताना हा आधी मागा.

5. इंडेक्स 2 : नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर त्या फ्लॅटचे जुने व्यवहार शोधा. एकच फ्लॅट दोघांना विकलाय का, ते कळू शकतं.

पैशाचं गणित

फ्लॅटच्या किमतीवर साधारण 6 ते 7 टक्के मुद्रांक शुल्क लागतं. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत आहे. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार रुपये. बांधकाम सुरू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरावर 1 टक्का. ओसी मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घरावर जीएसटी नाही.

भाव कार्पेट एरियावरच ठरवा. भाड्याने द्यायचं असेल तर भाड्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि रिकामे जाणारे महिने वजा करून बघा. उरलेल्या पैशातून हप्ता निघत नसेल तर बाकीची रक्कम दर महिन्याला खिशातून घालावी लागेल.

बयाणा किती द्यायचा?

रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घर नावावर होत नाही.

फ्लॅटऐवजी शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट दाखवला तर बिनशेती आदेश आणि मंजूर ले-आउट मागा.

व्यवहाराआधी स्वतःच्या वकिलाकडून किमान 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या, बिल्डरच्या वकिलाकडून नको. 'आजच टोकन द्या, उद्या भाव वाढतोय' असं कोणी म्हणालं तरी कागद तपासून होईपर्यंत पैसे देऊ नका.