कळपाचा राखणदार : कनानी कुत्र्याचे मूळ

(अमिरातीतील आपल्या मंडळींसमोर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



येथे अमिरातीत सलुकीला केवढा मान आहे, हे आपण पाहतोच. अबू धाबीच्या शिकार-प्रदर्शनात त्याची सौंदर्यस्पर्धा भरते. जुन्या बेदुइन रीतीत त्याला ‘कल्ब’, म्हणजे कुत्रा, असे म्हणत नसत. त्याला तंबूत जागा असे. ‘कल्ब’ तो दुसरा : तंबूबाहेर झोपणारा, उरलेसुरले खाणारा आणि रात्रभर शेळ्यामेंढ्या राखणारा. शिकाऱ्याची वंशावळ सांगितली गेली. राखणदाराची कोणी विचारली नाही. अशाच राखणदारांतून इस्राएलचा कनानी कुत्रा घडला.

जुने पुरावे थोडे, पण बोलके आहेत. इयोबाच्या ग्रंथाच्या ३०व्या अध्यायारंभी कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख येतो. तो तुच्छतेचा आहे. तरीही कळपाबरोबर कुत्री असत, एवढे त्यातून निश्चित होते. अश्कलोनच्या उत्खननात इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास पुरलेली शेकडो कुत्री सापडली.

इ. स. ७० मध्ये यरुशलेम पडल्यावर आपल्या पूर्वजांची कुत्री रानोमाळ झाली आणि तीच ही, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. पुरावा मात्र नाही. आम्ही परिचारिका रुग्णाची हकीकत आदराने ऐकतो, पण निदान तपासणीवर ठरते. नवगावला फुटलेल्या तारवाची कथा आपणही सांगतो. परंतु कोकणात आपली ओळख टिकली ती शनिवारी थांबणाऱ्या तेलघाण्यामुळे.

या जातीचा लेखी इतिहास डॉ. रुडोल्फिना मेंझेल यांच्यापासून सुरू होतो. व्हिएन्नात १८९१ साली जन्मलेल्या या बाई, १९३८ साली ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेल्यावर, पतीसह पॅलेस्टाइनला आल्या. हगानासाठी कुत्री शिकवताना युरोपीय जाती तेथील उष्म्याने बेजार होतात, हे त्यांनी पाहिले. त्यांची दृष्टी बेदुइन वस्त्यांभोवतीच्या निनावी कुत्र्यांकडे वळली. त्यांतील दुबळी वाळवंटाने आधीच वगळली होती. उरलेली काटक, सावध, परक्याची चाहूल दुरून घेऊन भुंकणारी. बाईंनी पकडून माणसाळवलेल्या पहिल्या कुत्र्यांपैकी एकाचे नाव दुग्मा, म्हणजे ‘नमुना’. पुढे ही कुत्री पहारा करू लागली, सुरुंगही शोधू लागली. १९५३ साली इस्राएलच्या श्वानसंघाने आणि १९६६ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने या जातीस मान्यता दिली.

आज बेदुइन वस्त्या स्थिरावत आहेत, कळप घटत आहेत आणि गावकुत्र्यांशी मिश्रणही होत आहे. नोंदवहीतील जात सुरक्षित आहे. जिच्यातून ती आली ती तंबूबाहेरची कुत्री मात्र विरळ होत चालली आहेत. तेव्हा सलुकीचे कौतुक अवश्य करावे; पण कळपाच्या कडेला जागणाऱ्याचीही चौकशी करावी. त्याचा कागद १९५३ चा आहे, राखण त्याहून पुष्कळ जुनी.