टेबल-मायक्रोफोन (बिनतारी संच)

टेबल-मायक्रोफोन हा बिनतारी संदेशवहनाच्या स्थिर केंद्रावर, म्हणजे नियंत्रण कक्षात, पोलिस ठाण्यात किंवा हौशी रेडिओ केंद्रावर, टेबलावर ठेवून वापरण्याचा मायक्रोफोन होय. ज्या प्रकारात आवाजाचा विद्युत संकेत संचाकडे जाण्यापूर्वी तो वाढवणारा लहान विवर्धक बैठकीतच बसवलेला असतो, त्यास विवर्धकयुक्त टेबल-मायक्रोफोन म्हणतात. बोलण्याची कळ बैठकीवरच असते. व्यवहारात तिला पीटीटी म्हणतात. विवर्धकामुळे संचाचा पल्ला वाढतो, हा या उपकरणाविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज आहे.

रचना

जुन्या टेबल-मायक्रोफोनांत स्फटिक वापरला जाई. अमेरिकेतील अ‍ॅस्टॅटिक कंपनीचा १९३३ मध्ये आलेला डी-१०४ हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. त्याचा संकेत उच्च रोधाचा असल्याने पुढील काळातील ट्रान्झिस्टरयुक्त संचांशी जुळत नसे. म्हणून त्याच्या बैठकीत विवर्धक बसवण्यात येऊ लागला. अर्थात संकेत मोठा करण्याइतकेच रोध जुळवणे हेही विवर्धकाचे काम होते. आजचे बहुतेक संच सुमारे ६०० ओहम रोधाच्या मायक्रोफोनसाठी केलेले असतात आणि त्यांना डायनॅमिक किंवा इलेक्ट्रेट प्रकार चालतो.

विवर्धकाचा परिणाम

एफएम पद्धतीच्या संचात प्रक्षेपित होणारी शक्ती आवाजावर अवलंबून नसते. कोणी कुजबुजले किंवा ओरडले तरी ती तेवढीच राहते. शिवाय आवाजामुळे वारंवारतेत होणारे विचलन संचातील मर्यादक रोखून धरतो, १२.५ किलोहर्ट्‌झच्या चॅनेलवर ही मर्यादा साधारण २.५ किलोहर्ट्‌झ असते. मायक्रोफोन त्यापुढे तीव्र केल्यास आवाजाची शिखरे छाटली जातात आणि बोलण्याच्या विरामांत पंख्याचा, जनित्राचा व शेजारच्या बोलण्याचा गोंगाट वर येतो. एकपट्टी प्रक्षेपणात, म्हणजे एसएसबीत, मात्र शक्ती आवाजाबरोबर बदलते. तेथे मंद आवाजाच्या वक्त्याला विवर्धकाचा खरा उपयोग होतो. पण एएलसी दर्शकाचा काटा नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेर गेला, की शेजारच्या वारंवारतांवर खरखर पसरते.

शेवगावचे उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव हे तालुक्याचे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. व्हीएचएफ लहरी जवळपास दृष्टिरेषेत जातात. सपाट प्रदेशात प्रत्येकी १५ मीटर उंचीवरील दोन अँटेनांमधील रेडिओ क्षितिजाचे अंतर सुमारे ३२ किलोमीटर भरते. त्यातच अहिल्यानगर शहर पठारावर, तर शेवगाव त्याहून खाली गोदावरीच्या खोऱ्यात आहे. हे अंतर तोडण्यास उंच मनोरा किंवा उंच ठिकाणचे रिपीटर केंद्र लागते. टेबलावरील विवर्धकाने ते एका किलोमीटरनेही कमी होत नाही.

तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी आणि जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस शेवगाव व पाथर्डी तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नंदिनी नदीकाठच्या गावांत पाणी शिरले होते. अशा प्रसंगी वीज व मोबाइल सेवा खंडित झाल्यास बिनतारी संचावरच भिस्त ठेवावी लागते, आणि तेव्हा प्रश्न आवाज किती मोठा आहे हा नसून शब्द कळतो की नाही हा असतो. याच तालुक्यात बालमटाकळी, शहरटाकळी व कऱ्हेटाकळी ही गावे आहेत. लाडजळगाव आहे आणि ढोरजळगावही आहे. कळ पुरती दाबली जाण्याआधीच बोलणे सुरू केले तर पहिली अक्षरे गळतात आणि पलीकडे केवळ ‘टाकळी’ पोहोचते. मदतीची नाव कोणत्या टाकळीस न्यावयाची, हे त्यावरून कळत नाही.

अंकांचीही हीच अडचण आहे. संचातून साधारण ३०० ते ३,००० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो; ‘स’ या वर्णाची बरीचशी ऊर्जा त्यापलीकडे राहते. त्यात आवाज छाटला गेला तर ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील भेद ओळखणे कठीण होते. म्हणून संख्या सांगून झाल्यावर तिचे अंक सुटे उच्चारावेत : ‘साठ, सहा शून्य’. मराठीतील एकोणसाठ व एकसष्ट यांसारख्या जोड्यांसाठी तर हे अत्यावश्यकच म्हणावे लागेल.

निवड

निवड करताना प्रथम संचाच्या माहितीपुस्तिकेतील रोध आणि पिनांची जोडणी पाहावी. आठ पिनांचा गोल प्लग दिसण्यास सारखा असला तरी निरनिराळ्या कंपन्यांची जोडणी निराळी असते. काही पिनांवर इलेक्ट्रेटसाठी विद्युतदाब असल्याने चुकीच्या जोडणीत उपकरण बिघडू शकते. रोशेल क्षाराचे जुने स्फटिक सुमारे ५५ अंश सेल्सिअस तापमानास नष्ट होतात आणि दमटपणानेही खराब होतात. उन्हाळ्यात बंद वाहनातून असा मायक्रोफोन नेणे धोक्याचे. गोंगाटाच्या खोलीत सर्व बाजूंचा आवाज घेणाऱ्यापेक्षा समोरचा आवाज घेणारा, म्हणजे एकदिशी प्रकार बरा. संचाच्या मूळ मायक्रोफोनने आवाज पुरेसा व स्वच्छ जात असेल, तर विवर्धकयुक्त प्रकारावर खर्च करण्याचे कारण नाही.

वापर

प्रथम विवर्धकाची पातळी अगदी कमी ठेवावी आणि नेहमीच्या आवाजात बोलत, दुसऱ्या केंद्राकडून अभिप्राय घेत ती हळूहळू वाढवावी. स्वतःच्या कानाने हा निर्णय करता येत नाही. तोंड मायक्रोफोनपासून साधारण एक वीत दूर व किंचित बाजूस असावे, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा श्वास थेट आदळत नाही. कळ दाबून क्षणभर थांबून मगच बोलावे. अँटेना जवळ असल्यास तिच्या लहरी विवर्धकात शिरून गुणगुण किंवा किंचाळी उत्पन्न करतात. आवरणयुक्त केबल, तिच्यावरील फेराइट कडे आणि नीट भूयोजन यांनी ती बहुधा थांबते. विवर्धक ९ व्होल्टच्या सेलवर चालत असेल, तर सेल उतरू लागताच आवाज फाटतो. दोष संचातच आहे असे समजून तो उघडला जाण्यापूर्वी सेल बदलून पाहावा.

काही टेबल-मायक्रोफोनांना कळ दाबलेली ठेवण्याचा खटका असतो. तो चुकून लागला, किंवा नोंदवहीचा कोपरा कळीवर पडला, तरी संच अखंड प्रक्षेपण करीत राहतो आणि त्या चॅनेलवरील इतर केंद्रांचे संदेश दबले जातात. संचात प्रक्षेपणाची कालमर्यादा ठरवण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी.