दुचाकीची थरथर आणि भ्रमणध्वनीचा कॅमेरा

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूर (ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर) परिसरातील रस्त्यांवर हँडलला भ्रमणध्वनी अडकवून जाणारे दुचाकीस्वार आता सर्रास दिसतात. शिर्डी आणि शनिशिंगणापूर ही दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत करण्यासाठी पुण्या-मुंबईहून आलेले तरुण त्यांत असतात, घरपोच सामान पोहोचविणारी मुले असतात, तसेच वस्ती, शेत आणि बाजार अशा फेऱ्या मारणारे शेतकरीही असतात. नकाशा डोळ्यांसमोर असावा, आलेला फोन कळावा, एवढीच त्यामागची गरज. परंतु या सोयीची किंमत फोनमधील एका नाजूक भागाला, म्हणजे कॅमेऱ्याला, मोजावी लागू शकते, याची कल्पना पुष्कळांना नसते. फोन पडत नाही, काच फुटत नाही, पडद्यावर ओरखडाही उमटत नाही. तरीही काही महिन्यांनी छायाचित्रे धूसर येऊ लागतात.

ही केवळ ऐकीव तक्रार नाही. आयफोन बनविणाऱ्या ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांसाठी याविषयी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केली. मोठ्या शक्तीच्या मोटारसायकल इंजिनांची तीव्र कंपने सांगाडा व हँडलमार्फत फोनपर्यंत पोहोचतात आणि दीर्घकाळ ती सोसल्यास कॅमेऱ्याची कार्यक्षमता घटू शकते, असे तीत म्हटले होते. अशा मोटारसायकलींवर फोन बसवूच नये, तर स्कूटर, मोपेड किंवा विजेवरील दुचाकीवर बसवायचा झाल्यास कंपन शोषणारा होल्डर वापरावा आणि तेथेही दीर्घकाळ नियमित वापर टाळावा, असा सल्ला त्या सूचनेत आहे. इतर कंपन्यांच्या फोनमध्येही याच प्रकारची यंत्रणा असल्याने धोक्याचे कारण सर्वांना सारखेच लागू पडते.

स्थिर चित्रासाठी हलणारे भिंग

छायाचित्र काढताना आपला हात नकळत थरथरतो. प्रकाश कमी असेल तर ही थरथर चित्रात पुसटपणाच्या रूपाने उतरते. तो टाळण्यासाठी ‘ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन’ ही यंत्रणा, जिला व्यवहारात ‘ओआयएस’ म्हणतात, फोनमध्ये आली. नोकियाच्या लुमिया ९२० या फोनमध्ये ती २०१२ साली होती, तर आयफोनमध्ये ती २०१४ च्या ६ प्लसपासून आली.

या यंत्रणेत भिंगांचा संच घट्ट बसविलेला नसतो. अतिशय बारीक तारा किंवा स्प्रिंगांवर तो तोललेला असतो. फोन किती कलला हे जायरोस्कोप ओळखतो. मग चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने भिंग विरुद्ध दिशेला सरकविले जाते आणि चित्र जागच्या जागी राहते. काही फोनमध्ये भिंगाऐवजी प्रतिमा टिपणारा संवेदकच हलतो. केंद्रीकरण, म्हणजे फोकस, साधण्यासाठीही भिंग मागे-पुढे सरकत असते आणि त्याचे नेमके स्थान चुंबकीय संवेदकांकडून तपासले जाते.

ही सारी रचना मानवी हाताच्या थरथरीसाठी आहे. ही थरथर साधारणपणे सेकंदाला २० हेलकाव्यांच्या, म्हणजे २० हर्ट्झच्या आतच असते. इंजिनाची थरथर याच्या कितीतरी पुढची. तिच्यामागे धावणे यंत्रणेला जमत नाही आणि तोललेले भिंग मात्र हादरत राहते. कॅमेरा बंद ठेवल्याने संरक्षण मिळते हा समजही खरा नाही. बहुतेक फोनमध्ये वीजप्रवाह नसताना भिंग अधिकच मोकळे असते. असा फोन हलकेच हलविल्यास आतून येणारा बारीक खडखडाट त्याचाच असतो.

खड्डा नव्हे, इंजिन

आपल्याकडे असा बिघाड झाला की पहिला दोष रस्त्याला दिला जातो. अहिल्यानगर–मनमाड महामार्गाच्या दुरवस्थेविषयी प्रवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी गावोगावचे रस्ते आणखी खचतात. खड्ड्याच्या धक्क्याने फोन होल्डरमधून निसटू शकतो, हे खरे. परंतु असे धक्के तुरळक असतात. इंजिनाची थरथर मात्र चावी फिरविल्यापासून बंद करेपर्यंत क्षणभरही थांबत नाही.

आपल्याकडील बहुसंख्य मोटारसायकलींचे इंजिन एका सिलिंडरचे असते. त्यातील दट्ट्या वरखाली धावताना जो धक्का निर्माण होतो, त्याचा काही भाग क्रँकशाफ्टवरील वजनाने सावरला जातो. उरलेला सांगाड्यात उतरतो. इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्या घेत असेल तर हा धक्का सेकंदाला ६० वेळा बसतो. म्हणजे तासाभरात २ लाख १६ हजार वेळा. बेलापूरहून पुण्याला जाऊन यायचे म्हटले तर ही संख्या दहा लाखांच्या पुढे जाते.

धक्क्याचा जोरही दिसतो तेवढा किरकोळ नसतो. हँडल मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना केवळ ०.२ मिलिमीटर हलत असेल, तर ते डोळ्यांना जाणवतही नाही. पण ६० हर्ट्झला एवढ्या हालचालीतून निर्माण होणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तिप्पट असते. तेवढीच हालचाल ३० हर्ट्झला झाली तर ते एक चतुर्थांशावर येते. म्हणून वेगापेक्षा इंजिनाच्या फेऱ्या महत्त्वाच्या. खालच्या गिअरमध्ये इंजिन ताणून चालविणे फोनच्या दृष्टीने वाईट.

सर्व गाड्या सारख्या नसतात. काही इंजिनांत ही थरथर कमी करण्यासाठी ‘बॅलन्सर शाफ्ट’ हा उलट फिरणारा दांडा बसविलेला असतो. रॉयल एन्फील्डच्या जुन्या ३४६ सीसी बुलेटमध्ये तो नव्हता; २०२० साली मिटिऑर ३५० बरोबर आलेल्या नव्या इंजिनात तो आहे. विजेवरील दुचाकीत वरखाली धावणारा दट्ट्याच नसल्याने हा त्रास पुष्कळ कमी.

महागड्या फोनला अधिक जपावे

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. स्वस्त फोनमध्ये बहुधा ओआयएस नसते. चित्र स्थिर करण्याचे काम संगणकीय पद्धतीने, चौकटीच्या कडा कापून केले जाते. त्यात तोललेले भिंग नसल्याने कंपनाने बिघडण्याजोगा एक भाग कमी. ‘ॲक्शन कॅमेरे’ दुचाकीवर टिकतात, त्याचेही हेच रहस्य आहे. त्यांचे भिंग सामान्यतः एकाच अंतरावर पक्के केलेले असते. याउलट उत्तम छायाचित्रांसाठी अधिक पैसे मोजून घेतलेला फोन हँडलवर अधिक असुरक्षित ठरतो. घरात पडून असलेला जुना फोन नकाशासाठी वापरणे हा म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय होय.

रबराचे गणित

बाजारातील धातूचे होल्डर फोन घट्ट धरतात. त्यामुळे फोन पडत नाही, परंतु हँडलची थरथर जशीच्या तशी फोनमध्ये जाते. घट्ट पकड म्हणजे संरक्षण नव्हे. होल्डर आणि फोन यांच्यामध्ये रबर किंवा सिलिकॉनच्या गोट्यांवर तरंगणारा जोड असलेले होल्डर मिळतात. त्यांचा उपयोग होतो, मात्र त्यामागील तत्त्व समजून घ्यायला हवे.

रबरावर टेकलेल्या प्रत्येक वस्तूची हेलकाव्यांची एक नैसर्गिक वारंवारता असते. समजा ती २० हर्ट्झ आहे. बाहेरची थरथर तिच्या सुमारे १.४ पटीहून, म्हणजे २८ हर्ट्झहून अधिक झाली, तरच ती अडविली जाऊ लागते. ६० हर्ट्झची थरथर आदर्श स्थितीत सुमारे एक अष्टमांश उरते. परंतु थरथर नेमकी २० हर्ट्झच्या आसपास असेल तर ती कमी न होता वाढते. झोका देताना योग्य क्षणी लावलेला हात जसा झोका वर नेतो, तसेच हे. याला अनुनाद म्हणतात. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला १,२०० ते १,५०० फेऱ्या घेत असते, म्हणजे २० ते २५ हर्ट्झ. त्यामुळे सिग्नलला थांबल्यावर फोन जोराने थरथरताना दिसला आणि गाडी वेगात येताच शांत झाला, तर होल्डर काम करीत आहे असे समजावे. उलट वेगात असताना पडद्यावरील अक्षरे पुसट होत असतील, तर तो होल्डर त्या गाडीला उपयोगाचा नाही. घरी कापलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट आवळून लावल्याने पकड सुधारते, संरक्षण नव्हे. आवळलेले रबर जवळजवळ धातूसारखेच वागते.

होल्डर कोठे बसवावा, यालाही महत्त्व आहे. आरशाची दांडी लांब आणि एकाच टोकाला धरलेली असल्याने तिच्यावरचा फोन सर्वाधिक हलतो. हँडलच्या मधोमध, जेथे ते गाडीला जोडलेले असते त्याच्याजवळ, थरथर तुलनेने कमी. आरशातील प्रतिमा ज्या वेगाला पुसट होते, तो वेग लक्षात ठेवावा. त्या वेगाला थरथर सर्वाधिक असते. इंजिनाचे सैल झालेले बोल्ट गॅरेजमध्ये तपासून घेतल्यास मूळ थरथरच कमी होते. हँडलच्या टोकांना कंपनीने बसविलेली वजने शोभेची नसतात. ती काढू नयेत.

बिघाड कसा ओळखावा

फोन स्थिर हातात धरून कॅमेरा सुरू करावा. पडद्यावरील चित्र आपोआप थरथरत असेल, पाण्यातल्यासारखे हिंदकळत असेल, आतून बारीक गुणगुण येत असेल किंवा फोकस पुन्हा पुन्हा जुळून सुटत असेल, तर शंका घ्यावी. अनेक फोनमध्ये विस्तृत दृश्य टिपणाऱ्या दुसऱ्या भिंगाला ओआयएस नसते. त्या भिंगातून चित्र स्थिर आणि मुख्य भिंगातून अस्थिर दिसले, तर दोष बहुधा या यंत्रणेतच आहे. फोन पुन्हा सुरू करून वा नवी प्रणाली टाकून तो दुरुस्त होत नाही. बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा संपूर्ण संच बदलावा लागतो.

हानी केवळ छायाचित्रांची नाही

सहलीची छायाचित्रे बिघडली तर हळहळ वाटते, एवढेच. परंतु आज कॅमेरा हे व्यवहाराचे साधन झाले आहे. दुकानातील क्यूआर कोड वाचता आला नाही तर पैसे देता येत नाहीत. घरपोच सेवा देणाऱ्या मुलाला सामान पोहोचल्याचे छायाचित्र पाठवावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या खरीप हंगामापासून राज्यभर सुरू केलेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र आपल्या फोनने काढायचे असते आणि त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. अतिवृष्टीनंतर भरपाईचा प्रश्न येतो, तेव्हा हीच नोंद कामी येते. बेलापूरच्या शेतकऱ्यासाठी फोनचा कॅमेरा ही चैनीची वस्तू राहिलेली नाही.

कायद्याची चौकट

वाहन चालविताना फोन हातात धरून वापरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक वाहनचालन ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीने केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही एकाग्रता न ढळू देता, असा वापर करण्याची मुभा दिली. चालत्या गाडीवरून संदेश पाहण्यास वा चित्रीकरण हाताळण्यास ही सवलत लागू नाही.

थोडक्यात सांगायचे तर सर्वांत चांगला होल्डर म्हणजे आपला खिसा किंवा पाठीवरची पिशवी. गाडीचे आसन आणि चालकाचे शरीर इंजिनाची बरीचशी थरथर वाटेतच शोषून घेतात. ठरावीक अंतरावर रस्त्याच्या कडेला थांबून नकाशा पाहावा. फोन खिशात ठेवून दिशा दाखविणारा पडदा काही नव्या गाड्यांवरच मिळतो, त्याचा लाभ घ्यावा. हँडलवर फोन लावणे अपरिहार्य असेल तर जुना फोन, कंपन शोषणारा होल्डर, हँडलचा मध्यभाग आणि इंजिनाच्या कमी फेऱ्या ही चतुःसूत्री पाळावी. नव्या फोनसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने एवढी काळजी घेणे अवघड नाही.