लिंकनच्या आईबापांचा विवाह आणि कचेरींतलीं दप्तरें

सन १८६० च्या मे महिन्यांत रिपब्लिकन पक्षानें अध्यक्षपदासाठीं अब्राहम लिंकनचें नांव पुढें केलें, आणि हा इलिनॉयचा वकील मूळचा कोठला, कोणाचा कोण, याची चौकशी देशभर सुरू झाली. केंटकी राज्यांतील हार्डिन काउंटीचें मुख्य ठाणें एलिझाबेथटाउन. तेथील कचेरीचें दप्तर ज्यांनीं अनेक वर्षें सांभाळलें होतें ते सॅम्युअल हेक्राफ्ट नांवाचे वृद्ध गृहस्थ. त्यांनींही लिंकनशीं पत्रव्यवहार केला. लिंकनचें उत्तर २८ मेचें आहे. त्यांत त्यानें एक दुरुस्ती शांतपणें केली. आपल्या आईविषयीं हेक्राफ्ट यांचा समज चुकीचा असून तिचें माहेरचें नांव नॅन्सी हँक्स होतें, असें त्यानें कळविलें.

असा समज होणें अस्वाभाविक नव्हतें. एलिझाबेथटाउनच्या दप्तरांत टॉमस लिंकनचा एक विवाह नोंदलेला आहे. तारीख २ डिसेंबर १८१९, वधू सेरा बुश जॉन्स्टन. ही लिंकनची सावत्र आई. तो स्वतः १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्मला, म्हणजे या विवाहाच्या वेळीं तो दहा वर्षांचा होता. नॅन्सी हँक्सशीं झालेल्या पहिल्या विवाहाची नोंद मात्र त्या दप्तरांत कोठेंच नव्हती. राजकारणांत शत्रूंना एवढें पुरतें. लिंकन औरस नव्हे, त्याचा बाप टॉमस नव्हेच, अशी कुजबुज सुरू झाली. त्याच्या मृत्यूनंतर तर पितृत्वाचा मान देण्यासाठीं निरनिराळ्या गृहस्थांचीं नांवें सुचविणाऱ्यांची उणीव राहिली नाहीं. १८६५ च्या एप्रिलांत लिंकनचा खून झाला, तेव्हां ही कुजबुज खोडून काढणारा कागद कोणाच्याही हातीं आलेला नव्हता.

तो कागद होता, सुरक्षित होता, आणि फार दूरही नव्हता. तो सांपडला कसा हें समजण्यास अमेरिकेंतील जुनें दप्तर कसें असतें हें थोडें पाहिलें पाहिजे. आपल्याकडे क्षेत्राच्या ठिकाणीं उपाध्याय यजमानांच्या पिढ्या वह्यांत उतरून ठेवीत आले. नव्या मुलखांत तशी सोय कोठून असणार? तेथें पूर्वजांचा माग लागतो तो मुख्यतः तीन ठिकाणीं : सरकारी खानेसुमारींत, जमिनीच्या खतांत आणि मेलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या दप्तरांत.

पैकीं खानेसुमारीवर नवखा शोधक फार भिस्त ठेवतो आणि फसतो. अमेरिकेची पहिली खानेसुमारी १७९० ची. परंतु १८४० पर्यंत कुटुंबप्रमुखाचें तेवढें नांव लिहीत. बायकामुलें म्हणजे वयाच्या रकान्यांतील आंकडे. प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव प्रथम लिहिलें गेलें तें १८५० सालीं. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे, कारण गुलामांची गणती १८५० आणि १८६० ला वेगळ्या पत्रकांत झाली, आणि तींत धन्याच्या नांवाखालीं वय, लिंग व वर्ण एवढेंच सामान्यतः लिहीत. त्या लोकांचे वंशज आपले पूर्वज शोधूं लागले कीं बहुधा धन्याच्या मृत्युपत्राशीं येऊन ठेपतात. तेथें गुलामांचीं नांवें सांपडतात, पण गुरांढोरांच्या यादींत. १८६० च्या पत्रकांत लिंकनचें घर स्प्रिंगफील्ड गांवीं आढळतें : वय ५१, धंदा वकिली, स्थावर ५,००० डॉलर, जंगम १२,००० डॉलर. पण त्याच्या बापाच्या तरुणपणीं केंटकींत झालेल्या १७९० आणि १८०० च्या गणतीचीं पत्रकें आज उरलेलीं नाहींत. त्या काळासाठीं शोधकाला करवसुलीच्या याद्या आणि काउंटीच्या कचेऱ्या यांकडेच वळावें लागतें.

लिंकनला स्वतःला आपल्या कुळाची माहिती आजोबांपलीकडे फारशी नव्हती. १८४८ सालीं, कायदेमंडळाचा सभासद असतांना, त्यानें मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम येथील सॉलोमन लिंकन यांना आणि व्हर्जिनियांतील एका लिंकन घराण्यालाही पत्रें लिहिलीं. धागा जुळला नाहीं. पुढें १८५९ च्या डिसेंबरांत जेसी फेल या स्नेह्यासाठीं त्यानें आपली हकीकत टिपून दिली, तींत आपले पूर्वज पेनसिल्व्हेनियांतील बर्क्स काउंटींतून व्हर्जिनियांत आले असें सांगून, न्यू इंग्लंडमधील लिंकनांशीं नातें जोडण्याचा प्रयत्न घरांत चालणाऱ्या नांवांच्या सारखेपणापुढें गेला नाहीं, असें त्यानें प्रांजळपणें कबूल केलें आहे. मॉर्डकाय, सॉलोमन, अब्राहम हीं नांवें दोन्हीकडे पुनःपुन्हा येत. पण नांव सारखें म्हणून कूळ एक, असें न्यायालय मानीत नाहीं आणि इतिहासानेंही मानूं नये.

तो धागा जमिनीच्या खतानें जोडला. पेनसिल्व्हेनियांतील ॲमिटी येथें मॉर्डकाय लिंकन १७३६ सालीं वारला. त्याच्या मृत्युपत्रांत न्यू जर्सींतील ३०० एकर जमीन जॉन या मुलास दिलेली आहे. पेनसिल्व्हेनियांत राहणाऱ्या माणसाची जमीन न्यू जर्सींत कशी? तर तो आधीं तेथें रहात होता म्हणून. पुढें १७४८ सालीं जॉन लिंकन यानें तीच ३०० एकर जमीन विकली, आणि ती आपल्याला बापाकडून आली हें खतांत नमूद केलें. हाच जॉन मग १७६८ च्या सुमारास व्हर्जिनियांतील लिनव्हिल क्रीक येथें गेला, आणि १७७३ सालीं त्यानें व त्याच्या पत्नीनें तेथील २१० एकर जमीन आपला मुलगा अब्राहम यास लिहून दिली. हा अब्राहम म्हणजे अध्यक्ष लिंकनचा आजा. उलट बाजूनें, मॅसॅच्युसेट्समधील थोरल्या मॉर्डकायच्या १७२७ च्या मृत्युपत्रांत मॉर्डकाय आणि अब्राहम या मुलांचीं नांवें आहेत. आणि त्या थोरल्या मॉर्डकायचा बाप सॅम्युअल लिंकन १६३७ सालीं इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांतून हिंगहॅम येथें आला होता. विणकराचा उमेदवार म्हणून निघालेल्या या पोरापासून अध्यक्षापर्यंत सात पिढ्या होतात. ही सांखळी १८८० नंतर सॅम्युअल शॅकफर्ड प्रभृति संशोधकांनीं कडी कडी जुळवून उभी केली. एका माणसानें जमीन ठेवावी, मुलानें ती विकावी, आणि दीडशें वर्षांनीं त्या साध्या व्यवहारानें एका राष्ट्रपुरुषाचें कूळ सिद्ध व्हावें, असा हा प्रकार आहे.

आजोबा अब्राहमनें १७८० सालीं व्हर्जिनियांतील जमीन विकून केंटकीची वाट धरली. लाँग रन नांवाच्या ओढ्यावरील त्याच्या ४०० एकरांची मोजणी १७८५ च्या मे महिन्यांत झाली. त्या मोजणीच्या कागदांत त्याचें नांव ‘लिंकहॉर्न’ असें पडलें आहे. बोलणारा जसें बोलला तसें कारकुनानें लिहिलें. अशा वेळीं वर्णक्रमाच्या सूचींत ‘लिंकन’ पाहून नाहीं म्हणणारा शोधक रिकाम्या हातीं परत जातो.

एका वर्षानें, १७८६ सालीं, शेतांत काम करतांना इंडियन हल्लेखोराच्या गोळीनें तो ठार झाला. अध्यक्ष लिंकनच्या समजुतीप्रमाणें हा प्रसंग १७८४ च्या आसपासचा. कागद १७८६ दाखवितात. हें साल केवळ पंडितांच्या कुतूहलाचें नव्हे. केंटकी तेव्हां व्हर्जिनियाचा भाग होता, आणि मृत्युपत्र न करतां मेलेल्याची सर्व जमीन थोरल्या मुलाला, हा जुना इंग्रजी कायदा व्हर्जिनियांत १७८६ अखेरपर्यंत चालू होता. सर्व मुलांना सारखा वांटा देणारा नवा कायदा १७८५ सालींच मंजूर झाला, परंतु अंमलांत आला तो १ जानेवारी १७८७ पासून. आजोबा आणखी आठ महिने जगते तर धाकटा टॉमस जमिनीचा वांटेकरी झाला असता. तसें झालें नाहीं. थोरला मॉर्डकाय वारस ठरला, आणि टॉमस मजुरी करीत, अक्षरओळखीवांचून वाढला. अध्यक्षाच्या लहानपणच्या दारिद्र्याचें एक मूळ या तारखेंत आहे.

मृताच्या मालमत्तेची नोंद मात्र जेथें तो मारला गेला त्या जेफरसन काउंटींत नाहीं. ती १७८८–८९ च्या नेल्सन काउंटीच्या दप्तरांत आहे. घोडे, गाय-वासरूं, नांगर, बंदुका, कथलाचीं ताटें, अशी ती यादी. याचा अर्थ विधवा मुलांना घेऊन तिकडे रहावयास गेली होती. नेल्सनचा तो भाग १७९२ सालीं तोडून वॉशिंग्टन नांवाची नवी काउंटी झाली. टॉमस कोठें वाढला याचा पत्ता या यादीनें दिला होता. ज्यांनीं हार्डिनच्याच वह्या पुनःपुन्हा चाळल्या त्यांनीं तो वाचला नाहीं.

शेवटीं १८७८ सालीं वॉशिंग्टन काउंटीच्या स्प्रिंगफील्ड येथील कचेरींत—हें स्प्रिंगफील्ड केंटकींतलें, इलिनॉयचें नव्हे—दोन कागद उजेडांत आले. पहिला विवाहाचें जामीनखत, १० जून १८०६ चें, पन्नास पौंडांचें. त्यावर टॉमस लिंकन आणि नॅन्सीच्या बाजूनें रिचर्ड बेरी यांच्या सह्या. दुसरा जेसी हेड या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकानें लावलेल्या विवाहांची यादी; तींत टॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांचा विवाह १२ जून १८०६ ला झाल्याची नोंद. नॅन्सी बेरी कुटुंबाच्या घरीं रहात असे, आणि त्या देशींही लग्न वधूच्या वस्तीवर लागे. विवाह झाल्यावर जोडपें हार्डिनमध्यें राहण्यास गेलें, मूल तेथें झालें, म्हणून सर्वांनीं नोंदही तेथेंच असेल असें धरलें. लिंकन मरून तेरा वर्षें झालीं होतीं.

नॅन्सीच्या स्वतःच्या कुळाविषयीं इतकें समाधानकारक सांगतां येत नाहीं. नेल्सन काउंटींत जोसेफ हँक्स याचें १७९३ सालचें मृत्युपत्र आहे. त्यांत मुलांना घोडे आणि मुलींना एकेक कालवड दिलेली असून, नॅन्सी नांवाच्या मुलीस मिळालेल्या कालवडीचें नांवसुद्धां लिहिलें आहे. १८९९ सालीं एका लेखिकेनें हीच नॅन्सी लिंकनची आई असें पुस्तक लिहून ठरविलें, आणि कित्येक चरित्रकारांनीं तें स्वीकारलें. पुढें कळून आलें कीं ती नॅन्सी म्हणजे लिंकनच्या आईची मावशी. आईची आई ल्यूसी हँक्स; तिचें नांव त्या मृत्युपत्रांत नाहींच. लिंकनचा भागीदार हर्नडन यानें लिहून ठेवलें आहे कीं आपली आई विवाहबाह्य संततीपैकीं होती असें लिंकनच एकदां त्याला म्हणाला होता. ल्यूसी ही जोसेफचीच मुलगी, या मतास २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मातृवंशीय रक्तबीजांच्या परीक्षेनें पुष्टि मिळाली. मृत्युपत्रांतील मौनाचा अर्थ लावण्यास मात्र ती परीक्षाही असमर्थ आहे.

टॉमस लिंकनविषयीं चरित्रकार ‘आळशी’ हा शब्द फार सैल हातानें वापरीत आले आहेत. दप्तर निराळें सांगतें. १८०३ सालीं त्यानें मिल क्रीक येथें २३८ एकर ११८ पौंडांस विकत घेतले. १८०८ च्या डिसेंबरांत सिंकिंग स्प्रिंगची ३०० एकर जमीन २०० डॉलर रोख मोजून घेतली, आणि तेथेंच दोन महिन्यांनीं अब्राहम जन्मला. पण केंटकींत सरकारी मोजणी अशी नव्हतीच. ज्यानें त्यानें अमक्या झाडापासून तमक्या दगडापर्यंत अशी आपली चतुःसीमा लिहावी. मग एकाच जमिनीवर दोघा-तिघांचे हक्क चढत. टॉमसच्या तिन्ही जमिनींचे हक्क वादांत सांपडले. नॉब क्रीकच्या तिसऱ्या जमिनीवरून तर त्याला बाहेर काढण्याचा दावा १८१५ सालीं लागला. तो दावा पुढें त्याच्यासारखाच सुटला, पण तोपर्यंत तो इंडियानांत निघून गेला होता. तेथें सरकारनें सहा मैलांचे चौरस आंखून जमीन मोजलेली होती. मालकीविषयीं वादच नको. त्यानें १८१७ सालीं १६० एकरांची मागणी नोंदविली, पैसा पुरेना म्हणून अर्धी सोडली, आणि १८२७ सालीं ८० एकरांची सनद घेतली. मुलानेंही पुढें लिहिलें कीं केंटकी सोडण्याचें एक कारण गुलामगिरी असलें तरी मुख्य कारण जमिनीच्या हक्कांतील घोटाळा हेंच होतें.

त्या सनदेपर्यंत नॅन्सी राहिली नाहीं. ती ५ ऑक्टोबर १८१८ ला इंडियानांतच वारली. नवऱ्यानें जमीन विकली तरी तींतील पत्नीचा हक्क तिच्या संमतीवांचून सुटत नसे, म्हणून अशा खतांवर बायकांचीं नांवें येतात. मिल क्रीकची जमीन टॉमसनें २७ ऑक्टोबर १८१४ ला शंभर पौंडांस, अठरा पौंड तोटा खाऊन, विकली. त्या खतावर टॉमसची सही आहे, आणि तिच्या शेजारीं नॅन्सीच्या हातची फुली.